तळ्यापलीकडे लाल

चष्मा लावला तरी ते गाव स्पष्ट झालं नाही, तेव्हा तिच्या काळजात धस्स झालं. "थेंब घालायचेत, चष्मा काढून बसा मावशी," असं सांगून नर्स पलीकडच्या बाकाकडे गेली होती. तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला, सहज समोर पाहिलं, आणि डोळ्यांच्या दवाखान्याच्या त्या फिक्या भिंतीवर तिला तिचं गाव दिसलं. गाव म्हणजे काय, तर आडवा पसरलेला तळ्याचा राखी पट्टा, काठाने वर चढत गेलेला झाडांचा हिरवा रंग, गवताच्या गंजींचे पिवळे ढीग, दोन-तीन छपरं, एका छपरातून निघून आभाळात कुठे संपला ते न कळणारा धूर, आणि तळ्यापलीकडे, घराच्या अंगाला, एक लाल ठिपका. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. चष्मा काढला की तिला काहीही दिसायचं. खुंटीवरच्या कोटाला तिने "या, बसा" म्हटलं होतं तो किस्सा घरात अजून पाहुण्यांना सांगितला जायचा. अशा वेळी चष्मा लावायचा, की कोटाचा कोट होतो आणि माणूस नाहीसा होतो. म्हणून तिने चष्मा लावला. भिंतीवरचं घड्याळ काट्यांसकट जागेवर आलं, तपासणीच्या दारावरची पाटी आली, चौकटीची सोनेरी कड आली. चौकटीतलं गाव मात्र होतं तसंच राहिलं. तिने काचा पुसल्या, पुन्हा चष्मा लावला. धूर तसाच विरत होता, लाल ठिपका तसाच थरथरत होता. असं गाव जगात फक्त आपल्या दोन अधू डोळ्यांनी पाहिलंय, अशी आजवर तिची समजूत होती. ते आणखी कुणीतरी पाहिलं होतं, आणि वर रंगवूनही ठेवलं होतं.

गावात तिला मिचू म्हणायचे. लांबचं बघायचं झालं की मान पुढे काढून डोळे मिचमिचे करायची, म्हणून मिचू. सगळ्या गावाला तेवढी गंमत सुचली, पण पोरीच्या डोळ्यांत काही खोट असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. तिच्याही आलं नाही. झाड म्हणजे हिरवा ढीग, आणि पान म्हणजे हातात घेतल्यावर शिरांसकट दिसतं ते. चालत येणारं माणूस म्हणजे आधी नुसता रंग. जवळ आलं की त्याला नाक-डोळे फुटायचे. सगळ्यांचं असंच असतं, असं धरूनच ती नऊ वर्षांची झाली. लांबचं सांगायला दादा होता, तिच्याहून चार वर्षांनी मोठा, घारीच्या नजरेचा. "मास्तर येतायत, पळ." "तिकडून नको, कुत्रं बसलंय." तो सांगायचा आणि मग तिला दिसायचं. रंग तिचा असायचा आणि त्यातलं माणूस दादाचं. फक्त आई तिची तिला ओळखू यायची. वडील तर तिला आठवतही नव्हते. दुसऱ्याच्या शेतावर राबायला आईच जायची, आणि संध्याकाळी तळ्याच्या काठाने परत यायची ती लाल शाल घेऊन. त्या साऱ्या हिरव्या-राखी पसाऱ्यात लाल असं दुसरं काही नव्हतंच. "आई आली," असं मिचू आधी ओरडायची, आणि दादा मुद्दाम म्हणायचा, "कुठेय? मला नाही दिसत." त्या वेळी तिला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं व्हायचं.

"आई, काय बघताय एवढं?" सूनबाई केसपेपर फडफडवत शेजारी येऊन बसली. पोरगी तोंडाने फटकळ, पण सासूच्या दवाखान्यासाठी कामावरून हक्काची रजा काढणारी. तिने चित्राकडे पाहिलं आणि ओठ मुरडले. "अशीच असतात हो ही चित्रं. दुरून डोंगर साजरे. जवळ गेलात तर नुसते फराटे."

"नीट काढता येत नसेल का त्याला?"

"येत होतं की! हे चित्रकार मुद्दाम तसं काढायचे. आम्हाला शाळेत शिकवलंय. उन्हात जाऊन बसायचे आणि घटकाभर जे दिसलं तेवढंच उतरवायचे. घर, माणूस, झाड, बारकाईने काही काढायचं नाही. उजेड कसा पडलाय तेवढं बघायचं."

"म्हणजे डोळे चांगले होते त्यांचे."

"चांगलेच असणार."

चांगले डोळे असलेली माणसं मुद्दाम असं बघत होती, ह्याचं तिला हसू आलं आणि थोडा रागही. शाळेत फळा दिसत नाही म्हणून तिने छड्या खाल्ल्या होत्या. ती म्हणाली, "ती बाई कुणाला हात हलवतेय, ते मात्र काढलं नाही त्याने."

"बाई? कुठली बाई?"

"ती काय, लाल. तळ्यापलीकडे."

सूनबाई उठून भिंतीपाशी गेली, वाकली, आणि तिथूनच हसत म्हणाली, "अहो आई, बाई कुठेय? कुंपणावर कापड वाळत घातलंय ते. बघा ना, पाय आहेत का त्याला?"

तेवढ्यात नर्स आली आणि तिने डोळ्यांत थेंब घातले. डोळे चुरचुरले. मिटलेल्या पापण्यांच्या आत लाल ठिपका राहिला, आणि त्याला पाय नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय; आतलं खराब भिंग काढायचं, नवं बसवायचं. "आता हे नवं भिंग कशासाठी बसवायचं ते तुम्ही सांगा, मावशी. लांबचं की जवळचं? लांबचं बसवलं तर रस्त्यावरची पाटीसुद्धा चष्म्याशिवाय वाचाल, फक्त वाचायला-शिवायला चष्मा लागेल. जवळचं बसवलं तर हातातलं काम स्वच्छ दिसेल, पण लांबचं आत्तासारखंच, चष्म्याशिवाय धूसर. एकदा बसवलं की बसवलं." सूनबाईने विचारलंही नाही. "लांबचं. आयुष्यभर नाकावर ओझं वागवलंय त्यांनी." डॉक्टरीणबाई हसल्या. "बहुतेक सगळे लांबचंच घेतात. पण डोळा त्यांचा आहे. विचार करा, ऑपरेशनच्या दिवशी सांगितलंत तरी चालेल."

त्यात विचार करण्यासारखं काय होतं, हे ती कुणाला सांगणार होती? शहरात आल्यावर मामाने तिला पहिला चष्मा करून दिला, तेव्हा सगळे म्हणाले, आता पोरीला जग दिसेल. जग दिसलं. दुकानांच्या पाट्या, तारांवरचे पक्षी, समोरच्या गच्चीतल्या बाईच्या चेहऱ्यावरचा कंटाळासुद्धा दिसला. पण रात्री चष्मा उशाशी काढून ठेवला की खिडकीतून जे दिसायचं ते गावच असायचं. रस्त्याचे दिवे तळ्यात सांडल्यासारखे व्हायचे, समोरच्या इमारतीची झाडं व्हायची. पुढे लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला, रफूच्या कामाने हाताला घट्टे पडले. पण दिवसाकाठी एकदा तरी चष्मा काढून ती खिडकीशी उभी राहायची. कधी एखादी गाडी मागचा दिवा लावून उभी असायची, कधी कुणाचा लाल डगला दोरीवर असायचा. घटकाभर तळ्यापलीकडे आई यायची. घरच्यांना वाटायचं, म्हातारी डोळ्यांना विसावा देतेय. इतकी वर्षं ती हेच करत आली होती, आणि आता तिच्यापुढे लांबचं स्वच्छ दाखवणारं भिंग ठेवून माणसं म्हणत होती, सोडा आता हे. मग चष्मा काढूनही काही पुसट होणार नव्हतं. लाल डगला हा डगलाच दिसणार होता, जन्मभर.

आईला शेवटची पाहिली तीही अशीच. आईला ताप होता, बरेच दिवस उतरला नव्हता. मामा मालाचा टेम्पो घेऊन आला, म्हणाला, पोरांना नेतो, बरी झालीस की तूही ये. दोघं मागे पोत्यांवर बसली. टेम्पो तळ्याला वळसा घालून निघाला, आणि पलीकडे घराशी तिला ते लाल दिसलं. ते दिसलं तसं तिनेच विचारलं, "दादा, आई आलीय ना?" आणि दादा म्हणाला, "हो. आलीय. एका हाताने कुंपण धरलंय आणि एक हात हलवतेय. हलव तूपण." तिने जीव खाऊन हात हलवला. वळणावर झाडं आडवी आली. पुढे महिन्याभरात आई गेल्याचा निरोपच आला. त्यानंतर कितीदा तरी तिने दादाला ते पुन्हा सांगायला लावलं होतं, आणि दादाने ते प्रत्येक वेळी तसंच सांगितलं होतं. एका हाताने कुंपण धरलं होतं. एक हात हलवत होती.

दवाखान्यातून आली ती तडक कामालाच बसली. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला खिशापाशी कसरीने भोक पाडलं होतं. असं काम ती चष्मा काढूनच करायची. बोटभर अंतरावरचं तिला कुणाहीपेक्षा स्वच्छ दिसायचं, आणि त्याच जोरावर तिने संसार ओढला होता. कोटाच्या आतल्या शिवणीतून धागा सोडवून घ्यायचा, आणि एक खाली एक वर असा विणत भोक बुजवायचं. हात आपोआप चालत होते. कापड जुनं होतं, ओलसर हाताला रंग लागत होता. बोटं निळी झाली म्हणून तिने ती डोळ्यांशी धरली, आणि तिला दुसराच एक रंगलेला हात दिसला. लहान, गुलाबी तळवा. टेम्पोत पोत्यांवर बसून ती आपल्या गुलाबी तळव्याकडे बघत होती. तळवा गुलाबी कशाने झाला होता? सकाळी शेजारच्या काकू आजाऱ्याचे कपडे धुवायला आल्या होत्या. अंगणात घमेलं होतं, पाणी गार होतं, आणि तिने त्यात हात घालून दाबला तसा लाल रंग सुटला होता. "शालीचा रंग जातोय गं, हात काढ," काकू ओरडल्या होत्या. सुईत धागा तसाच राहिला. शाल घमेल्यात होती. त्या सकाळी शाल ओली होती. आई आत खाटेवर होती, तिच्या अंगावर करडं घोंगडं होतं, आणि शाल काकूंनी पिळून वाळत घातली असणार, कुठे, तर कुंपणावर. एवढी साधी गोष्ट. दोन्ही आठवणी तिच्याजवळ होत्या, शेजारी शेजारी, आणि तिने त्या कधी एकमेकींना लावून पाहिल्या नव्हत्या. जन्मभर लोकांचं फाटलेलं जोडत बसलेल्या बाईने!

तिने दादाला फोन लावला. दादा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. लांबचं बघण्यातच त्याची नोकरी झाली होती. मालगाडीच्या इंजिनात बसून आयुष्यभर पुढचा सिग्नल. पलीकडे टीव्ही चालू होता.

"दादा, आपण गावातून निघालो त्या दिवशी आई बाहेर आली होती ना रे?"

टीव्हीचा आवाज बंद झाला. "हे काय आज मध्येच?"

"सहज. दवाखान्यात एक चित्र पाहिलं. तळं होतं."

"आली होती की. तुला दाखवली नव्हती का मी? हात हलवत होती."

"कुठला हात?"

तो घाईने म्हणाला, "दोन्ही. दोन्ही हात वर करून हलवत होती. बराच वेळ. आपण वळेपर्यंत."

कुंपण धरलेला हात त्याच्या लक्षातून गेला होता. इतकी वर्षं एकही टाका न उसवता सांगितलेली गोष्ट, म्हातारपणी त्याने मायेपोटी थोडी वाढवली आणि ती उसवली. खोटं बोलायचं तर स्मरणशक्ती धड लागते म्हणतात. "मिचू? ऐकू येतंय ना?" दादा विचारत होता, आणि त्याच्या आवाजात एक तेरा वर्षांचा मुलगा घाबरलेला होता.

"येतंय," ती म्हणाली. "बरोबर. दोन्ही हात. मलापण दिसले होते."

"दिसले होते ना?" दादाने श्वास सोडला. "मला वाटायचं, तुला काही दिसलं नसेल."

फोन ठेवल्यावर ती कोट मांडीवर घेऊन बसून राहिली. ती आईसाठी रडत होती हे खरं, पण त्याहून जास्त ती त्या मुलासाठी रडत होती. मिचूला लाल दिसलं होतं, आणि लाल म्हणजे आई, एवढं तिला पुरलं. त्याला सगळं दिसलं होतं. ओलं कापड, त्यातून ठिबकणारं पाणी, रिकामं अंगण. आई उठून बाहेरही येऊ शकत नाही, म्हणजे ती आता गेल्यातच जमा आहे, हे त्याला त्या टेम्पोत बसून तळ्याच्या ह्या काठावरून स्वच्छ दिसलं होतं, आणि शेजारी बहीण आनंदाने हात हलवत होती. अधू डोळ्यांची म्हणून सगळे आयुष्यभर तिची कीव करत आले. त्या दिवशी खरे वाईट डोळे दादाचे होते. आणि त्याने ते एकट्याने निभावलं, बायकोला सांगितलं नाही, दारू प्यायला तेव्हासुद्धा सांगितलं नाही.

मग तिला हळूहळू दुसरं आठवायला लागलं. निघण्याआधी मामाने तिला आत ढकललं होतं, आईच्या पाया पड म्हणून. ती खाटेशी वाकली. आईचा चेहरा इतका जवळ आला की सगळा दिसला. सालपटं निघालेले ओठ. गालावर गळून पडलेली एक पापणी. कानामागे घामाने चिकटलेले केस, त्यातला एक पांढरा. आईने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं होतं, आणि गरम बोटाने तिच्या भुवया सरळ केल्या होत्या, एक, मग दुसरी. "मिचमिच करू नये गं," म्हणाली होती. हे कुणी सांगितलेलं नव्हतं. हे तिने स्वतः, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि लांबच्या लाल ठिपक्याच्या नादात इतकी वर्षं तिकडे कानाडोळा केला होता.

ऑपरेशनच्या सकाळी ती जरा लवकरच तयार होऊन बसली आणि सूनबाई काउंटरवर गेलीय असं बघून चित्रापाशी गेली. चष्मा काढला, नाक जवळजवळ लागेल इतकी पुढे झाली. छापील नव्हतं ते. रंगाखाली कापडाची वीण दिसत होती, उभा धागा, आडवा धागा, एका ठिकाणी गाठ. लाल ठिपका म्हणजे कुंचल्याचे दोन फटकारे होते, एकावर एक, ओला असताना ओढलेले; वरच्या फटकाऱ्यात कुंचल्याचा एक केस अडकून वाळला होता. इतक्या जवळून ती बाई नव्हती आणि कापडही नव्हतं. रंग होता. काढणाऱ्यानेही जवळ जाऊन खात्री केली नसणार. त्याला लांबून लाल दिसलं, त्याने लाल ठेवलं, आणि पुढचं ज्याचं त्याच्यावर सोपवलं. तिला त्या अनोळखी माणसाचा राग येईना. दादानेही दुसरं काय केलं होतं?

"मग? काय ठरलं मावशी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जवळचं."

"अहो आई!" सूनबाई उसळली. "काहीतरीच काय? टीव्ही दिसणार नाही, रस्त्यावर माणूस ओळखू येणार नाही!"

"त्याला चष्मा लावीन की."

"रफूच्या कामासाठी म्हणताय का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हो," ती म्हणाली. "रफूसाठीच." असं एखादं सोयीचं कारण हाताशी असलं की माणसं पुढचं विचारत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. नर्सने बजावलं, डोळ्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, चोळायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. हे शेवटचं ती सगळ्यांनाच गमतीने सांगत असावी. सूनबाई औषधं आणायला गेली आणि ती व्हरांड्यातल्या बाकावर एकटी बसली. तिने आधी स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला. तळव्यावरच्या रेषा, सुईने टोचून टोचून झालेली बोटांची काळी टोकं, नखाशी अडकलेला निळा धागा. सगळं कालच धुऊन ठेवल्यासारखं. हात पूर्ण लांब केला तरी तो स्पष्ट राहिला. पूर्वी तो इतक्या लांब गेला की पुसट व्हायचा. एक हातभर जग तिला वाढून मिळालं होतं. त्याच्यापुढे व्हरांडा होता तसाच, राखी, पाण्यासारखा, आणि टोकाला दाराच्या उजेडात एक करडा ठिपका उगवला. ठिपका जवळ यायला लागला. डावा खांदा जरा पडलेला, चाल जड. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिने ओळखलं आणि हात वर करून हलवला. करडा रंग वाढत गेला, त्याला सदरा फुटला, मग नाक-डोळे फुटले, आणि दादा धापा टाकत समोर उभा राहिला.

"दिसलो का गं?"

"तिकडून दिसलास. हात हलवत होतास ना."

"मी? अगं, हात कुठे मोकळे आहेत?" त्याने दाखवले. एका हातात फळांची पिशवी होती, दुसऱ्यात थर्मास आणि छत्री.

"हलवत होतास," ती शांतपणे म्हणाली. "दोन्ही हात. वर करून. बराच वेळ."

दादा हसायला गेला आणि त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग सावकाश पिशवी खाली ठेवली, थर्मास बाकावर ठेवला, छत्री भिंतीला टेकवली, आणि तिच्या शेजारी बसला. बराच वेळ तो आपल्या मोकळ्या हातांकडेच बघत होता.

"दार उघडं होतं, मिचू," तो म्हणाला. "ते खरं होतं. कुंपणाच्या मागे दार सताड उघडं होतं. आपण निघताना तिनेच सांगितलं होतं, लावू नका, खाटेवरून रस्ता दिसू दे म्हणून."

नर्सने काय सांगितलं होतं ते तिच्या लक्षात होतं. तिने दादाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, हातभर अंतरावर आणला, आणि नीट पाहिला.